गावठाण नसलेल्या माळावरच्या संध्याकाळी

४ जुलै २०२६ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा २५० वा वर्धापनदिन. त्या निमित्ताने तिथल्या जुन्या काळाची छायाचित्रे पुन्हा पाहिली जात आहेत, आणि त्यांतले एक छायाचित्र पाहणाऱ्याला हटकून कोड्यात टाकते. १८८७ साली नेब्रास्का राज्यातील कस्टर काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एका प्रशासकीय भागात, सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने ते घेतले. एक शेतकरी कुटुंब उघड्या अंगणात उभे आहे आणि त्यांच्यामध्ये, भर अंगणात, लाकडी ऑर्गन, म्हणजे पेटीच्या जातीचे एक मोठे वाद्य, ठेवलेला आहे. हिल्टन नावाच्या या कुटुंबातील गृहिणीला दूरच्या नातेवाइकांना आपल्याकडे ऑर्गन आहे हे दाखवायचे होते, परंतु आपण मातीच्या घरात राहतो हे मात्र दाखवायचे नव्हते. म्हणून तो जड ऑर्गन घरातून ओढत बाहेर आणण्यात आला.

ज्यांच्याकडे धड लाकडी घर नाही, पाणी दुरून आणावे लागते आणि जळणासाठी वाळलेले शेण गोळा करावे लागते, त्या कुटुंबाने ऑर्गन का घेतला असेल? मैलोन्‌मैल शेजारी नसलेल्या त्या माळरानावर ही माणसे संध्याकाळी करत तरी काय होती? या प्रश्नांची उत्तरे वाटतात त्यापेक्षा गुंतागुंतीची आहेत, आणि माझ्या मते त्यांची सुरुवात संगीतापासून होत नाही. ती जमिनीच्या एका कायद्यापासून होते.

आधी जमीन समजून घेऊ

२० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. होमस्टेड म्हणजे सरकारने वसण्यासाठी दिलेली, राहत्या घरासह कसायची जमीन. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीने किरकोळ शुल्क भरून १६० एकर जमिनीवर हक्क सांगायचा, तिथे घर बांधायचे, पाच वर्षे राहून ती कसायची, की जमीन नावावर होत असे. या कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख लोकांना मिळून सुमारे २७ कोटी एकर जमीन मिळाली.

या कायद्यातली कळीची अट होती ती राहण्याची. आपल्याकडे शेती एकीकडे आणि गावठाण दुसरीकडे असते. घरे एकमेकांना चिकटून असतात, सकाळी माणूस शेतावर जातो आणि दिवस मावळताना गावात परत येतो. मळ्यात वस्ती करून राहणारे कुटुंब असले, तरी त्याचे गाव हाकेच्या नाही तर चालण्याच्या अंतरावर असतेच. पार, चावडी, देऊळ, पाणवठा या सगळ्या जागा गावठाणात आपोआप तयार होतात, आणि तिथे गप्पा मारायला कोणाला आमंत्रण लागत नाही. होमस्टेडच्या कायद्याने मात्र प्रत्येकाला स्वतःच्याच तुकड्यावर राहायला लावले. जमीन सरळ चौकोनांत मोजलेली होती. एका चौरस मैलाचे चार भाग केले, की प्रत्येक भाग १६० एकरांचा होतो आणि त्याची बाजू सुमारे ८०० मीटर भरते. म्हणजे सगळे तुकडे भरले, तरी एका चौरस मैलात फार तर चार घरे. प्रत्यक्षात तेवढीही नसत, कारण पुष्कळ जमीन रेल्वे कंपन्यांच्या मालकीची होती आणि कित्येक तुकडे ओस पडलेले असत.

इंग्रजीत या प्रदेशाला ‘फ्रंटियर’ म्हणतात; त्यासाठी आपण सरहद्द हा शब्द वापरू. ही दोन देशांमधली सीमा नव्हे. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या हिशेबाने, दर चौरस मैलाला दोनपेक्षा कमी माणसे जिथे सुरू होतात तिथे सरहद्दीची रेषा काढली जाई. १८९० च्या जनगणनेनंतर, आता अशी सलग रेषा काढता येत नाही, असे त्या खात्याने जाहीर केले. हा लेख १८६२ ते १८९० या काळातल्या, मुख्यतः नेब्रास्का आणि कॅन्सस या दोन राज्यांतल्या लोकांविषयी आहे.

तिथल्या सपाट माळरानावर झाडे फक्त ओढ्यानद्यांच्या काठी. त्यामुळे खास नांगराने गवताच्या मुळांसकट जमिनीचे पट्टे सोलून काढायचे, ते विटांसारखे रचायचे आणि घर उभे करायचे. भिंती दोन ते तीन फूट जाड होत. उन्हाळ्यात आत गारवा असे आणि थंडीत ऊब, पण पावसाळी दिवसांत छत गळे आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ चिखल ठिबकत राही. भिंतींना आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटवत. कित्येक मुलांनी अक्षरे आधी या भिंतींवर वाचली आणि पुस्तकात नंतर.

एवढ्या कष्टात वेळ मिळत होता का?

हा आक्षेप रास्त आहे. नांगरणीपासून कणसे सोलण्यापर्यंत सगळे हाताने करणाऱ्या माणसाला कसली आली करमणूक? याचे पहिले उत्तर ऋतुचक्रात आहे. आपल्याकडच्या बहुतेक जत्रा सुगीनंतर, चैत्र-वैशाखात येतात, कारण तेव्हा हात रिकामे असतात आणि घरात धान्य असते. तिथे मका काढून झाला की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जमीन गोठलेली असे. गुरांचे पाहिले, जळण आणले, की दिवस संपे आणि रात्र फार लांब असे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. काम वेगळे आणि मौज वेगळी, अशी विभागणी या लोकांना परवडत नव्हती. एकट्याने न उरकणारे काम शेजारपाजाऱ्यांनी एकत्र येऊन करायचे आणि घरधन्याने सर्वांना जेवू घालायचे, या प्रकाराला तिथे ‘बी’ म्हणत. मराठी शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्याकडची सावड आणि इर्जिक याच जातीच्या. इर्जिकीला दहा बैलजोड्या एकाच्या रानात उतरतात, दिवसभर नांगरणी होते आणि शेवटी जेवणावळ उठते. त्या दिवसाला कोणी निव्वळ काम म्हणत नाही आणि निव्वळ सणही म्हणत नाही. घर उभारणे, धान्य मळणे, कणसे सोलणे, विहीर खणणे अशा प्रत्येक कामाची तिथे ‘बी’ होत असे.

स्त्रियांची सर्वांत आवडती ‘बी’ होती ती गोधडीची. आपल्या गोधडीप्रमाणेच त्यांची क्विल्टही जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून साकारे. चार लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ती ताणून बसवत आणि चहूबाजूंनी आठदहा जणी शिवायला बसत. घर एका खोलीचे असल्यामुळे ही चौकट दोरांनी आढ्याला टांगलेली असे. दिवसा ती खाली सोडायची आणि रात्री वर ओढून घ्यायची, म्हणजे खाली अंथरुणे पसरता येत. त्या चौकटीभोवती बाळंतपणाचे सल्ले, औषधांची माहिती आणि माहेरच्या पत्रांतल्या बातम्या एकीकडून दुसरीकडे जात. डॉक्टर तीस मैलांवर असताना अशा माहितीचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते. काही गोधड्यांवर प्रत्येक चौकोनात एकेका मैत्रिणीचे नाव विणलेले असे, आणि नवे बिऱ्हाड पुढच्या प्रदेशात निघाले की अशी गोधडी त्याच्याबरोबर देत. शाळेसाठी किंवा चर्चसाठी पैसा उभा करायचा असला, की गोधडीवर नाव विणून घेण्यासाठी प्रत्येकाकडून थोडी रक्कम घेत आणि तयार गोधडीचा लिलाव करत.

शाळा हीच चावडी

गावठाण नसल्याने जी जागा रिकामी होती, ती बहुतेक ठिकाणी एका खोलीच्या शाळेने भरून काढली. रविवारी तीच खोली चर्च होई, निवडणुकीला मतदान केंद्र होई आणि हिवाळ्यात, आठवड्याने किंवा पंधरवड्याने, तिथे ‘लिटररी’ भरे.

‘लिटररी’ म्हणजे साहित्य मंडळ, पण नावावरून वाटते तेवढे ते पुस्तकी नव्हते. त्याला अध्यक्ष असे, चिटणीस असे, लेखी नियमावली असे. शाळेत दिवे नसत, म्हणून प्रत्येक कुटुंब येताना आपला कंदील किंवा दिवा घेऊन येई. पाच-सहा मैलांवरून घोडागाडीत पेंढा पसरून, त्यावर मुलांना पांघरुणात गुंडाळून माणसे येत. आधी एखादे सामुदायिक गाणे, मग मुलांची कवितापाठांतरे, एखादे छोटे नाटुकले, मग मंडळाचे हस्तलिखित ‘वर्तमानपत्र’. त्या पंधरवड्यातल्या बातम्या, कोपरखळ्या आणि कविता एका कागदावर लिहून काढायच्या आणि सर्वांसमोर वाचायच्या, एवढीच त्याची एकुलती प्रत.

त्यानंतर शब्दलेखनाची स्पर्धा. कोशकार नोहा वेबस्टर यांच्या निळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकातला शब्द उच्चारला जाई आणि उभे राहून त्यातील अक्षरे क्रमाने सांगायची. चुकला तो खाली बसला. ही स्पर्धा इतकी लोकप्रिय का झाली, हे मराठी वाचकाला चटकन कळणार नाही, कारण देवनागरीत बहुतांशी उच्चाराप्रमाणेच लेखन असते. इंग्रजीत तसे नाही, आणि जर्मन, स्वीडिश किंवा चेक बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांसाठी शब्द अचूक सांगता येणे ही या नव्या देशात आपले पाय रोवल्याची खूण होती. आज अमेरिकेत भारतीय वंशाची मुले राष्ट्रीय पातळीवर जी स्पर्धा वारंवार जिंकतात, तिच्या नावात आजही तोच ‘बी’ हा शब्द आहे.

संध्याकाळचा मुख्य भाग मात्र वादविवादाचा असे. विषय आधी जाहीर होई, दोन्ही बाजूंना वक्ते नेमले जात आणि तीन परीक्षक निर्णय देत. काही विषय मौजेचे असत. झाडू अधिक उपयोगी की फडके, अशा थाटाचे. पण दारूबंदी, रेल्वेचे दर आणि स्त्रियांचा मताधिकार हे विषय पुन्हा पुन्हा येत, आणि ते केवळ वक्तृत्वाच्या सरावाचे नव्हते. कॅन्ससमध्ये १८६७ साली आणि नेब्रास्कात १८८२ साली स्त्रियांच्या मताधिकारावर प्रत्यक्ष मतदान झाले. दोन्ही वेळा तो प्रस्ताव पडला. तरी कॅन्ससने १८८७ मध्ये स्त्रियांना नगरपालिकेपुरता मताधिकार दिला आणि त्याच वर्षी अर्गोनिया या छोट्याशा गावाने सुझाना सॉल्टर यांना निवडून दिले. त्या देशातल्या पहिल्या महिला महापौर ठरल्या. योगायोग असा, की पंडिता रमाबाई नेमक्या याच काळात, १८८६ ते १८८८, अमेरिकेत प्रवास करत होत्या, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात तिथल्या स्त्रियांच्या संघटनांविषयी त्यांनी आस्थेने आणि विस्ताराने लिहिले आहे.

या शाळांचा आणखी एक परिणाम झाला. १८६७ साली स्थापन झालेल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेच्या, आणि नंतर शेतकरी आघाडीच्या बैठका याच खोल्यांत, याच बाकांवर भरत. अध्यक्ष निवडणे, ठराव मांडणे, विरोधकाचे बोलणे संपेपर्यंत थांबणे या गोष्टी लोक ‘लिटररी’त शिकलेले होते. ४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात पीपल्स पार्टी या शेतकरी-कामगारांच्या पक्षाने आपला कार्यक्रम मंजूर केला. त्यातल्या दोन मागण्या, उत्पन्नानुसार चढता प्राप्तिकर आणि सिनेट सदस्यांची थेट लोकांकडून निवड, पुढे १९१३ साली घटनादुरुस्त्यांच्या मार्गाने प्रत्यक्षात आल्या. शाळेतल्या त्या कंदिलांच्या उजेडाने हे सगळे घडवले, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण बोलायची सवय तिथे लागली, हे नाकारता येत नाही.

नाचायचे की नाही?

या लोकांत नाचावरून कडाक्याचे मतभेद होते. एका बाजूला फिडलवादक असे. फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजणारे व्हायोलिन. तो आला की खोलीतले सामान बाहेर काढले जाई, मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली जाई आणि पहाटेपर्यंत नाच चाले. पहाटेपर्यंत चालण्याचे कारण व्यावहारिक होते. चिन्ह ना रस्ता अशा माळावर काळोखात घर सापडणे कठीण, मग उजाडेपर्यंत थांबलेले बरे. तान्ही मुले एकाच खाटेवर कोटांच्या ढिगात ओळीने झोपवलेली असत. जिथे गुराखी आणि अविवाहित पुरुषच अधिक होते, तिथे काही पुरुष दंडाला रुमाल बांधून जोडीतील स्त्रीच्या जागी उभे राहत, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

दुसऱ्या बाजूला मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि त्यांच्यासारखे कडक ख्रिस्ती पंथ होते. त्यांच्या दृष्टीने फिडल हे सैतानाचे वाद्य होते आणि जोडीने नाचणे हे पाप. या पंथांतल्या तरुण मुलामुलींनी शोधलेली वाट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. वाद्य नको ना, मग वाद्य नाही. सगळ्यांनी रिंगण धरायचे, स्वतःच गाणे म्हणायचे, टाळ्यांवर ताल धरायचा, गाण्यात सांगितले असेल तसे पुढे-मागे व्हायचे, जोडीदार बदलायचा, आणि फिरताना कमरेला न धरता हाताला धरायचे. याला नाच म्हणायचेच नाही; हा ‘खेळ’. अशा मेळाव्यांना ‘प्ले-पार्टी’ असे नाव होते, आणि पाद्रीबुवाही बहुधा त्याकडे काणाडोळा करत.

आपल्याकडे भोंडल्याला वाद्य नसते. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून मुली गाणी म्हणतात, झिम्म्याला टाळ्यांचाच ताल पुरतो आणि फुगडीत हात हातात असतात. ज्या समाजात मुलीबाळींनी नाचणे शिष्ट समजले जात नव्हते, तिथे फेर धरणे मात्र सणाचा भाग होते. भोंडला फक्त मुलींचा आणि ती प्ले-पार्टी मुलामुलींची, हा मोठा फरक आहे, हे खरे. पण गाणे आणि फेर यांची जोड दोन्हीकडे सारखीच आहे.

मग ऑर्गन कशासाठी?

आता पहिल्या छायाचित्राकडे परत जाता येईल. हिल्टन कुटुंबाकडे होता तो पायाने भाता चालवायचा ऑर्गन. हवा पितळी पट्ट्यांमधून जाते आणि सूर निघतो. आपल्या पेटीचाच हा भाऊ, आणि बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकांच्या साथीला जो पायाचा ऑर्गन असे, तोही याच कुळातला. व्हर्माँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी या एकाच कारखान्याने आपल्या आयुष्यात असे पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले, यावरून त्यांचा खप ध्यानात येईल. फिरते विक्रेते ते हप्त्याने विकत. १८७२ पासून माँटगोमेरी वॉर्ड यांच्या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाची यादीही घरोघरी पोहोचू लागली. ती वर्षभर वाचली जाई आणि जुनी झाली की मुली त्यातली चित्रे कापून कागदी बाहुल्या करत.

ऑर्गन कडक पंथांनाही चालत असे, कारण त्यावर भजने वाजत. शिवाय ज्या घरी ऑर्गन, त्या घरी रविवारी दुपारी शेजारी जमत. अंतराने तुटलेल्या माणसांच्या दृष्टीने ऑर्गन म्हणजे लोकांनी आपल्या घरी येण्याचे एक कारण होते. त्या बाईंना आपल्या नातेवाइकांना जे दाखवायचे होते, त्यात प्रतिष्ठा होती हे उघड आहे. पण आपण इथे रानटी झालेलो नाही, आपल्याकडे माणसे येतात-जातात आणि गाणे होते, हेही त्यात होते, असे मला वाटते.

सिनेमात तर जुगार आणि बंदुकाच दिसतात

ते दृश्य खोटे नाही, पण ते दुसऱ्या जागेचे आहे. डॉज सिटीसारख्या गुरांच्या बाजारपेठा आणि डेडवुडसारख्या खाणवस्त्या बहुतांशी तरुण, एकट्या पुरुषांच्या होत्या. हातात एकदम पगार पडे आणि तो दारू व जुगारात जाई. गुरांच्या एकेका बाजाराचा हा काळ फार थोड्या वर्षांचा होता. कॅन्ससमधल्या ॲबिलीनमध्ये १८६७ साली सुरू झालेला तो धंदा १८७१ नंतर पुढे सरकला. होमस्टेडवर राहणाऱ्या कुटुंबांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी होती, पण शब्दलेखनाच्या स्पर्धेवर साहसपट निघत नाही.

एकटेपणा इतका होता, की नव्हता?

वर वर्णन केलेल्या मेळाव्यांमुळे सगळे आलबेल होते, असा समज होऊ नये. वादळी हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे दुसरे माणूस दिसत नसे. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी उबदार असलेल्या हवेने दुपारी अचानक रूप पालटले आणि हिमवादळात दोनशेहून अधिक माणसे दगावली; त्यांत शाळेतून घरी निघालेली पुष्कळ मुले होती.

१८९३ साली यूजीन स्मॉली या पत्रकाराने ‘अटलांटिक मंथली’ मासिकात याच प्रश्नावर लेख लिहिला. युरोपातला शेतकरी गरीब असला तरी गावात राहतो, त्याला शेजार असतो, सण असतात. इथला शेतकरी जमिनीचा मालक आहे, पण त्याच्या बायकोला बोलायला कोणी नाही, असे त्याचे निदान होते. शेतकऱ्यांनी सुटी घरे सोडून एकत्र वाड्यावस्त्या कराव्यात आणि शेतावर जाऊन-येऊन राहावे, हा त्याचा उपाय. म्हणजे थोडक्यात, गावठाण करा.

काहींनी ते करूनही पाहिले होते. रशियातून आलेल्या जर्मनभाषक मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८७४ साली कॅन्ससमध्ये ग्नाडेनाउ नावाचे गाव वसवले. एक रस्ता, दुतर्फा घरे, मागे शेतीच्या पट्ट्या. जुन्या देशात त्यांची गावे अशीच असत. परंतु अमेरिकेत जमिनीची मालकी चौकोनी तुकड्यांत आणि एकेकाच्या नावावर असल्यामुळे ही रचना जुळेना, आणि काही वर्षांतच एकेक कुटुंब आपापल्या तुकड्यावर राहायला गेले. माणसांची इच्छा असूनही जमिनीच्या आखणीपुढे ती टिकली नाही. म्हणूनच या सर्व मेळाव्यांना ठरलेला वार, चिटणीस, नियमावली आणि निमंत्रण लागत होते. पारावर जे आपोआप होते, ते त्यांना ठरवून करावे लागले.

अमेरिकेतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांचा विचार केला, तर हे चित्र तितकेसे परके वाटणार नाही. दूरदूरच्या उपनगरांत विखुरलेली मराठी कुटुंबे शनिवारी एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने घेतात, घरून डबे आणतात आणि तिथे गणपती बसतो.

हे सर्वांसाठी होते का?

नव्हते, आणि हे विस्ताराने सांगायला हवे. ‘बी’ झाली की वीसपंचवीस माणसांचा स्वयंपाक घरातल्या बाईवर पडे. मळणीच्या दिवसांत ती पहाटे चारला उठे आणि सर्वांत शेवटी जेवे. पुरुषांची जी मौज, ती तिच्यासाठी कामाची पाळी असे.

याहून मोठी गोष्ट जमिनीची. ती रिकामी नव्हती. नेब्रास्का ही पॉनी, ओमाहा, पोंका, ओटो आणि लाकोटा या मूलनिवासी लोकांची भूमी होती. पॉनी लोकांना १८७० च्या दशकात तिथून दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. त्यांचे खेळ, गाणी, कथा आणि ऋतूंचे सोहळे या माळावर शतकानुशतके होत आलेले होते. १८८३ साली सरकारच्या गृहखात्याने राखीव प्रदेशांत राहणाऱ्या मूलनिवासींसाठी नियम काढले आणि सूर्यनृत्यासारखे त्यांचे धार्मिक नाच गुन्हा ठरवले. नाचणाऱ्याचे शिधावाटप थांबवता येत असे आणि त्याला कैदही होऊ शकत असे. वसाहतकऱ्यांची मुले शाळेत नाचावे की खेळावे याचा काथ्याकूट करत होती, त्याच वर्षांत लाकोटांच्या मुलांपुढे असा पर्यायच नव्हता. डिसेंबर १८९० मध्ये मूलनिवासींत पसरलेल्या ‘प्रेतात्म्यांच्या नृत्या’च्या नव्या पंथाला घाबरलेल्या सरकारने सैन्य पाठवले आणि वूंडेड नी येथे अडीचशेहून अधिक लाकोटा पुरुष, स्त्रिया आणि मुले मारली गेली. सूर्यनृत्यावरची बंदी १९३४ पर्यंत चालू राहिली. सरहद्दीवरच्या सांस्कृतिक जीवनाविषयी बोलताना ही दोन जीवने शेजारी ठेवूनच बोलले पाहिजे, नाहीतर आपण अर्धेच सांगतो.

पुढे काय झाले?

रेल्वे आली तशी छोटी शहरे उभी राहिली आणि त्यांनी दुकानांच्या माडीवर ‘ऑपेरा हाउस’ बांधली. नाव ऑपेराचे, पण तिथे फिरत्या मंडळींची नाटके, जादूचे प्रयोग आणि शाळेचे पदवीदान असे सर्व काही होई. न्यूयॉर्क राज्यात १८७४ साली शटाक्वा तलावाकाठी सुरू झालेल्या उन्हाळी व्याख्यानांचे लोण १९०४ पासून तंबूंतून गावोगाव फिरू लागले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली ती १८७५ मध्ये, म्हणजे अवघ्या एका वर्षाच्या अंतराने. तंबूंतली ती व्याख्याने मोटार आणि रेडिओपुढे टिकली नाहीत. मोटारीमुळे तर ‘लिटररी’ही ओसरली, कारण तीस मैलांवरचे शहर आता संध्याकाळी गाठता येऊ लागले.

काही गोष्टी मात्र अजून चालू आहेत. कॅन्ससच्या लिंड्सबर्ग गावातल्या स्वीडिश वसाहतकऱ्यांनी १८८२ साली, वस्ती होऊन जेमतेम तेरा वर्षे झाली असताना, हँडेल या संगीतकाराची ‘मसीहा’ ही मोठी समूहगान-रचना बसवली. पुष्कळांना इंग्रजी धड येत नव्हते आणि शब्द पाठ करूनच ते गायले. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास तिथे आजही ती गायली जाते.

त्याच राज्यात निकोडेमस नावाचे गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ते १८७७ साली वसवले. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोल्यांत काढला आणि दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुक्तीचा उत्सव सुरू केला. रेल्वे गावाला टाळून गेली, धंदे उठले, आणि आज तिथे मोजकीच माणसे राहतात. पण जुलैच्या अखेरच्या आठवड्यात देशभर पांगलेले वंशज, जत्रेला गावी परतणाऱ्या चाकरमान्यांसारखे, तिथे येतात. त्या दोन-तीन दिवसांत मिरवणूक निघते, एकत्र जेवणे होतात आणि मोठी माणसे मुलांना हात धरून कोणाचे घर कुठे होते ते दाखवत माळावरून फिरतात.